गरी कुठे टाकायची, ते पाणीच सांगतं

आमच्या चिरंजीवांना मासे गरवायचं वेड लागलं ते इंदूरला. म्हणजे जिथे समुद्र सोडाच, समुद्राचा वाराही येत नाही, तिथे! मोबाईलवर कुठल्या तरी परदेशी किनाऱ्यावरचे व्हिडिओ बघून बघून त्याने ठरवून टाकलं की आपल्यालाही हे जमणार. वाढदिवसाचे साठवलेले पैसे काढले आणि बारा फुटी रॉड मागवला. तो पूर्ण उघडला तेव्हा हॉलमधल्या पंख्याला लागला. मग रोज संध्याकाळी कॉलनीच्या मैदानात दोरीच्या टोकाला लिंबू बांधून लांब फेकायचा सराव सुरू झाला. शेजारच्या काकूंनी एकदा विचारलंही, "हे लिंबू कुणावरून उतरवून टाकताय का हो?"

"आई, मामाकडे समुद्र आहे ना?" हा प्रश्न येणार, हे मला माहीतच होतं.

माझं माहेर वेंगुर्ले तालुक्यातलं. घरापासून किनारा दहा मिनिटांवर. तरीही बारा वर्षांत मी लेकाला घोट्याच्या वर पाण्यात जाऊ दिलेलं नव्हतं. त्याला कारण होतं, ते पुढे येईलच. या दिवाळीला मात्र "बघू" म्हणायची सोय राहिली नाही. रॉड दुमडून चार फुटांचा झाला, पनवेलला गाडी बदलली आणि लक्ष्मीपूजनाच्या सकाळी आम्ही कुडाळ स्टेशनवर उतरलो.

दादा न्यायला आला होता. भाच्याच्या हातातली ती लांबलचक पिशवी बघून त्याने विचारलं, "ह्या काय, तोफ काय रे?"

आधी रिकाम्या हाताने

दुपारी चारच्या सुमाराला लेक रॉड घेऊन अंगणात तयार होता. दादाने रॉड त्याच्या हातातून घेऊन भिंतीला टेकवून ठेवला. "आज नुसता बघूक जावया."

लेकाचं तोंड पडलं. पण किनाऱ्यावर नवीन जागा शोधायची असेल, तर ही पहिली पायरी चुकवू नका, असं मी आता स्वतःच्या अनुभवावरून सांगेन. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती असते. तेव्हा पाणी जितकं वर चढतं, तितकंच ओहोटीला खूप मागेही जातं. एरवी पाण्याखाली झाकलेला किनारा त्या तास-दोन तासांत उघडा पडतो. लक्ष्मीपूजन म्हणजे अमावास्या. त्या दिवशी आमच्याकडे ओहोटी संध्याकाळी पाचच्या आसपास तळाला जाते. सूर्य कलता, उजेड तिरपा आणि वाळूचा प्रत्येक उंचवटा सावलीसकट दिसत असलेला. याहून चांगली वेळ शोधून सापडायची नाही.

सागरेश्वरच्या त्या लांबलचक किनाऱ्यावर दादा आम्हाला चालवत राहिला. वरवर बघितलं तर सगळी वाळू सारखीच. पण तो एकेक दाखवू लागला तशी ती वेगवेगळी दिसायला लागली. किनाऱ्याला समांतर असा वाळूचा एक लांब उंचवटा होता, भरतीत हा पाण्याखाली असतो. त्याच्या आणि किनाऱ्याच्या मधे लांबट खळगा, त्यात अजून गुडघाभर पाणी साचलेलं. आणि एका ठिकाणी तो उंचवटाच तुटलेला. तिथून खळग्यातलं पाणी एखाद्या ओहोळासारखं समुद्राकडे धावत होतं.

"भरती इली की लाटेवांगडा पाणी ह्या उंचवट्यावरसून आत येता," दादा म्हणाला. "आत इलेला पाणी भायर जातला खंयसून? ह्या चरातसून. आणि पाण्यावांगडा वाळयेतले किडे, बारीक कुर्ल्ये, सगळा वाहून येता. मासो थंय तोंड उघडून बसता."

मासा समुद्रभर सारखा पसरलेला नसतो, एवढं साधं गणित माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. तो खाण्यामागे येतो आणि खाणं पाण्याच्या वाटेने येतं. म्हणजे शोधायचा मासा नाही, पाण्याची वाट शोधायची.

लेकाने मोबाईल काढून फोटो घ्यायला सुरुवात केली. दादाने त्यालाही एक युक्ती सांगितली. नुसता वाळूचा फोटो घेतलास तर उद्या भरतीत तो चर कुठे होता ते कळणार नाही. पाठ समुद्राकडे करून वर बघ. सुरूच्या बनातलं ते वाकडं झाड आणि मागच्या घराचा कोपरा एका रेषेत येतात ना? ही तुझी खूण. आणि ही खूण आठवड्याची, कायमची नाही. वाळू सरकते. पावसाळ्यात तर समुद्र अख्खा किनारा उचलून नेतो आणि नंतर हळूहळू परत आणून टाकतो. मागच्या वर्षीची जागा यंदा तिथेच असेल असं समजून बसणारा माणूस रिकाम्या हाताने घरी जातो.

आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, ज्या कोपऱ्यावर वर्षानुवर्षं गरी टाकून बसायचे, तो कोपरा दादाने जाता जाता दाखवला. तिथे आता सपाट, कोरडी वाळू होती आणि काही मुलं क्रिकेट खेळत होती.

अंधार पडायच्या आत घरी पोहोचलो. वहिनी पूजेच्या तयारीत होती आणि आमच्या वाळूने भरलेल्या पायांकडे तिने ज्या नजरेने बघितलं, त्यावर मी काही लिहीत नाही.

तिथी आणि पाऊण

रात्री फराळाच्या ताटावर दादाने भाच्याला पाढे म्हणायला लावले. आमच्या लहानपणी हे सगळ्यांना येत असे. तिथीला पाऊणने गुणायचं की भरतीची ढोबळ वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती. अष्टमी असेल तर आठ पाऊणे सहा. अमावास्या-पौर्णिमेला दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आसपास. हा हिशेब मुंबईकडचा. दक्षिण कोकणात भरती त्याच्या बरीच आधी येते, कारण भरतीची लाट आपल्या किनाऱ्याने दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत जाते. रोज भरती साधारण पन्नास मिनिटांनी पुढे ढकलली जाते, त्यातून हा पाऊण तासाचा पाढा आला. आता मोबाईलवर मिनिटासकट वेळ मिळते, ती जरूर बघा. पण पाढा येत असला की कॅलेंडर हातात घेऊन तीन महिन्यांनंतरची सुट्टीही ठरवता येते.

समजा तुम्हाला संध्याकाळी, ऊन उतरल्यावर, भरत्या पाण्यात गरवायचं आहे. मग अमावास्येचा दिवस उपयोगाचा नाही, कारण तेव्हा संध्याकाळी पाणी तळाला असतं. त्यासाठी षष्ठी, सप्तमीचे दिवस बघावे लागतात. मात्र त्या दिवसांत भरतीचा जोर कमी असतो. त्याला भांगाची भरती म्हणतात. पाणी फार हलत नाही आणि मासाही सुस्तावलेला असतो. उधाणाला पाणी जोरात, पण वेळ अडचणीची. दोन्ही हवं म्हणाल तर समुद्र ऐकत नाही. दादाचा कल उधाणाकडे. भरतीच्या आधीचे दोन तास आणि नंतरचा एखादा तास, मग ऊन असो की नसो.

तुम्ही दुसऱ्या किनाऱ्यावर राहत असाल तर हे आकडे तिथले बघून घ्या. वेंगुर्ल्याला उधाणालाही पाणी दोन-अडीच मीटर चढतं-उतरतं. मुंबईत त्याच्या जवळजवळ दुप्पट. खंभातच्या आखातात तर दहा मीटरच्या वर आणि चेन्नईच्या बाजूला जेमतेम मीटरभर. जिथे फरक कमी, तिथे ओहोटीला फारसं काही उघडं पडत नाही. मग उंचावरून, लाटा कशा फुटतात ते बघूनच जागा ठरवावी लागते.

लांब टाकण्याची हौस

पाडव्याला सकाळी साडेआठला पहिल्यांदा रॉड समुद्रासमोर उघडला. लेकाने मैदानातला सगळा सराव पणाला लावून शिसं असं भिरकावलं, की ते फुटणाऱ्या लाटांच्याही पलीकडे जाऊन पडलं. त्याने अभिमानाने मामाकडे बघितलं.

"इतक्या लांब टाकून काय करतलंस? मासो तुझ्या पायाकडे आसा."

नवशिक्यांची ही सगळ्यात मोठी चूक. रॉड मोठा, म्हणून टाकायचं लांब. पण किनाऱ्याला लागून जो खळगा असतो, तो बहुतेक वेळा पंधरा-वीस मीटरच्या आतच असतो. मुडदुशीसारखे मासे तर भरतीबरोबर अगदी गुडघाभर पाण्यापर्यंत येतात. आपण पाण्यात कंबरेपर्यंत उतरून त्यांच्या डोक्यावरून गरी फेकत असतो आणि आपल्याच पायांनी त्यांना पळवून लावत असतो.

दादाने चार गोष्टी बघायला सांगितल्या, त्या अशा. लाट जिथे पांढरी फुटते तिथे पाणी उथळ, खाली वाळूचा उंचवटा आहे. लाट उठते पण फुटत नाही, पाणी गडद दिसतं, तिथे खोल. फुटलेल्या लाटेचा फेस किनाऱ्याकडे न येता जिथून उलटा समुद्राकडे सरकताना दिसतो, तो चर. गरी चराच्या मधोमध टाकायची नाही, तिथे पाणी ओढतं आणि शिसं टिकत नाही. चराच्या काठावर टाकायची, जिथे पांढरं पाणी संपतं आणि गडद सुरू होतं. पाण्याचा प्रवाह आडवा ओढत असेल तर गोल शिशाऐवजी चौकोनी किंवा कोनांचं शिसं लावायचं, ते वाळूत रुतून बसतं.

किनाऱ्याचा उतारही बोलतो. वाळू जाड आणि उतार तीव्र असेल, तर पाणी जवळच खोल असतं, मासाही जवळ. वाळू बारीक, पीठासारखी आणि किनारा सपाट असेल, तर पाणी लांबपर्यंत उथळ. अशा किनाऱ्यावर भरती अर्धीअधिक चढेपर्यंत बसून राहायची तयारी हवी.

आणि वर बघत राहायचं. सुरय पक्षी एकाच जागी पुन्हा पुन्हा सूर मारत असतील, तर तिथे बारीक मासळीचा थवा आहे, आणि बारीक मासळीमागे मोठी असणारच. ओल्या वाळूत बोटाएवढ्या भोकांची दाटी, लाट मागे जाताना झरझर वाळूत शिरणाऱ्या छोट्या कुर्ल्या, शिंपल्यांचा पट्टा, हे सगळं माशांचं ताट वाढून ठेवल्यासारखं.

त्या सकाळी तीन तासांत मिळालं काय? एक शेंगाळा. तोही दादाने हात लावू दिला नाही. शेंगाळ्याच्या पाठीवर एक आणि दोन बाजूंना एकेक असे काटे असतात, टोचले की ठणका कोपरापर्यंत जातो. पक्कड घेऊनच गरी काढायची. काटा लागलाच तर सोसेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवला की वेदना उतरते, मग डॉक्टर गाठायचा. पाकटाचंही तसंच. ते वाळूत पुरून बसतं, म्हणून पाण्यात चालताना पाऊल उचलून टाकायचं नाही, वाळूतून घासत न्यायचं. म्हणजे त्याला आपली चाहूल लागते आणि ते निघून जातं. आणि गरीला लागून वर येताच चेंडूसारखा फुगणारा केंड मासा निघाला, तर तो खायचा नाही, कुणी कितीही कौतुक केलं तरी. त्यात विष असतं आणि शिजवून ते जात नाही.

जे मी सांगितलं नव्हतं

भाऊबीजेला दादाला ओवाळलं. दुपारी भरती उतरायला लागल्यावर आम्ही तिघं पुन्हा किनाऱ्यावर. लेक काठावर गरी टाकून उभा होता. दादा माझ्याशेजारी वाळूत बसला आणि त्या गडद पाण्याच्या पट्ट्याकडे हात करून म्हणाला, "थंय मासो गावता. आणि थंयच माणूस जाता."

मी काही बोलले नाही. अकरा वर्षांची होते, तेव्हाची दिवाळीची सुट्टी मला आठवत होती.

अण्णा गरी टाकून बसले होते. मी आणि आत्येबहीण पाण्यात खेळत होतो. लाटा जोरात अंगावर येत होत्या, नाकातोंडात पाणी जात होतं, म्हणून आम्ही लाट न फुटणारी एक शांत जागा शोधली. इतकी छान, संथ, तळ्यासारखी जागा! दोन मिनिटांत माझे पाय वाळूवरून सुटले. मी किनाऱ्याकडे हात मारत होते आणि किनारा लांब जात होता. आत्येबहीण ओरडत धावली. पलीकडे रापण ओढत होते, त्यातला एक माणूस रापणीच्या दोरीचं टोक कमरेला बांधून आत आला आणि मागून दहा-बारा जणांनी आम्हा दोघांना मासळीसारखं ओढून काढलं.

अण्णा मला रागावले नाहीत. जवळही घेतलं नाही. नुसते उभे राहिले होते, हातात तंगूस तशीच. त्यानंतर ते गरवायला जायचे, पण मला कधीच बरोबर नेलं नाही. दादाला नेत. दादाला पाणी वाचायला शिकवलं, मला पाण्यापासून लांब ठेवलं. आणि मीही माझ्या मुलाच्या बाबतीत नेमकं तेच करत आले होते.

"तुका तेव्हाच शिकवक होया होता," दादा म्हणाला. "अण्णा भियाले होते."

म्हणून हा भाग मी जरा सविस्तर लिहिते. ज्याला आपण मासे मिळायची उत्तम जागा म्हणतो, तीच पोहायला सगळ्यात वाईट जागा असते. लाटा नसलेलं शांत, गडद पाणी म्हणजे समुद्राची परतीची वाट. त्यात सापडलात तर किनाऱ्याकडे पोहायचा हट्ट धरू नका. त्या ओढीपुढे पट्टीचा पोहणाराही दमतो. ती ओढ खाली खेचत नाही, बाहेर नेते. हे कळलं तरी अर्धी भीती जाते. अंग सैल सोडून तरंगत राहायचं, हात वर करून मदत मागायची आणि बळ असेल तर किनाऱ्याला समांतर, आडवं पोहायचं. चर बहुधा अरुंद असतो. बाजूला जिथे लाटा पांढऱ्या फुटतात, तिथे पोहोचलात की लाटाच तुम्हाला आत ढकलतात. काठावरच्यांनी मागोमाग उडी मारू नये. दोरी, झाकण घट्ट लावलेला रिकामा कॅन, असोला नारळ, जे तरंगतं ते फेकावं आणि माणसं बोलवावीत.

गरवणाऱ्यासाठी आमच्या घरचा नियम दादाने तिथेच सांगून टाकला. गुडघ्याच्या वर पाण्यात जायचं नाही. गरी अडकली तर तोडायची, सोडवायला जायचं नाही. एकट्याने जायचं नाही. आणि खडकावर उभं असताना समुद्राकडे पाठ करायची नाही.

मोचेमाडचं मुख, वेळागरची वाळू

पुढचे दिवस आम्ही फिरलो. वेंगुर्ल्याच्या बंदराजवळ मांडवीची खाडी समुद्राला मिळते, तिथला झुलता पूल बघायला पर्यटक येतात. पुलावर उभं राहिलं की गरवणाऱ्यालाही बरंच शिकायला मिळतं. ओहोटीला खाडीचं गढूळ पाणी बाहेर पडतं आणि समुद्राच्या हिरव्या पाण्याला भिडतं. दोन पाण्यांची रेघ स्पष्ट दिसते. खाडीतून वाहून आलेल्या कोळंबीची वाट बघत रावस, तांबोसा यांच्यासारखे शिकारी मासे याच रेघेवर फिरतात. म्हणजे मोकळ्या किनाऱ्यावर चढती भरती बरी, तर नदीच्या तोंडाशी उतरतं पाणी. मात्र मुखाजवळची वाळू भुसभुशीत आणि कडा ढासळणारी असते, मुलांना काठावर उभं करू नका.

मोचेमाडला हाच प्रकार छोट्या प्रमाणावर दिसतो. रस्त्यावरून खाली बघितलं की नदी, मुखाशी साचलेली वाळू आणि किनारा नकाशासारखा उलगडतो. उंचावरून दहा मिनिटं बघणं हे खाली दोन तास चालण्याच्या तोडीचं आहे. उन्हाची तिरीप मारणारा, चकाकी कापणारा गॉगल असेल तर पाण्याखालचे चरही दिसतात. लेकाने तिथे वहीत नकाशा काढला. हा मुलगा शाळेत भूगोलाच्या वहीत नकाशे माझ्याकडून काढून घेतो, हे इथे नमूद करून ठेवते.

शिरोड्याच्या वेळागरला गेलो तेव्हा पुढच्या पिढीला थोडा इतिहासही ऐकवला. १९३० साली याच शिरोड्यात मिठाचा सत्याग्रह झाला आणि वि. स. खांडेकर इथल्याच शाळेत शिक्षक होते. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "खांडेकर गरवायला जायचे का?" मला उत्तर माहीत नव्हतं.

वायंगणीला मात्र आम्ही रॉड गाडीतच ठेवला. तिथे ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात आणि गावकरी ती घरटी जपतात. हिवाळ्यात अशा किनाऱ्यांवर रात्री गरवायला जाऊ नका. हेडलाइटच्या उजेडाने किनाऱ्यावर येणारी मादी परत फिरते. तुटलेल्या तंगूसचा एक तुकडाही वाळूत सोडायचा नाही, हे तर कुठल्याही किनाऱ्याला लागू. तो कासवाच्या मानेला किंवा पक्ष्याच्या पायात अडकला तर सुटत नाही.

रापणवाल्यांचंही भान ठेवा. होडी पाण्यात अर्धवर्तुळ करत जाळं सोडताना दिसली, की आपली गरी गुंडाळून बाजूला व्हायचं. त्यांचं ते पोट आहे, आपली हौस. दोन्ही बाजूंनी दोरी ओढायला हात लावलात तर आनंदच होतो त्यांना. आमच्या लेकाने लावला. जाळं वर आल्यावर एका आजींनी त्याच्या हातात पाच बांगडे ठेवले, "तुझो वाटो." मला ओढून काढलं तेव्हाच्या माणसांपैकी कुणी अजून रापणीवर आहे का, असं मी हळूच विचारलं. आजींनी तोंडातला पानाचा तोबरा सांभाळत दोन नावं घेतली आणि आकाशाकडे हात केला.

मालवणकडे जाणार असाल तर तिथे सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, तिथे गरी टाकण्याआधी नियम विचारून घ्या. आणि पावसाळ्यात जाऊच नका. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंदी असते, काठावरच्या गरीला ती लागत नसली तरी तेव्हाचा समुद्र हौशी माणसाचा नाही. ऑक्टोबरअखेर पाणी निवळतं, तिथून फेब्रुवारीपर्यंतचा काळ बरा.

सामानाबद्दल जास्त काही लिहीत नाही, कारण दुकानदार तुम्हाला हवं त्याच्या तिप्पट विकायला बसलेलाच असतो. दहा-बारा फुटी रॉड, आठ-दहा किलो वजन पेलणारी तंगूस, साठ ते शंभर ग्रॅमची शिशी, लहान गऱ्या आणि बाजारातली ताजी कोळंबी. कोळंबी सोलून, नखाएवढे तुकडे करून गरीचं टोक जेमतेम झाकेल इतकंच लावायचं. फ्रीजमधली मऊ पडलेली कोळंबी पहिल्याच लाटेत सुटते. एक पक्कड, एक चाकू, पाण्याची बाटली, टोपी. बस.

सप्तमीची संध्याकाळ

शेवटचा दिवस. साडेतीन-चारला भरती, उन्हं कलती. लेक लक्ष्मीपूजनाच्या दिवशी पाहिलेल्या त्याच जागी उभा होता. वाकडं झाड आणि घराचा कोपरा रेषेत आहेत का, हे त्याने दोनदा वळून बघितलं. चर थोडा दक्षिणेकडे सरकला होता, तो पंचवीस पावलं चालला. फार जोर न लावता गरी टाकली. पांढरं पाणी संपतं तिथे पडली.

रॉडचं टोक दोनदा टकटक हललं.

"वढू नको, वढू नको... आता!"

वीतभर मुडदुशी. चंदेरी, बारीक, उन्हात चमकणारी. लेकाला वाटलं होतं तसा रॉड वाकवणारा राक्षस नव्हता, पण तो असा ओरडला की लांब बसलेला कुत्रा उठून निघून गेला. जाळं आलं की ही मुडदुशी वाळूत स्वतःला पुरून घेते, म्हणून जाळ्यापेक्षा गरीलाच बरी गावते, असं अण्णा म्हणायचे म्हणे. मला हे दादाकडून कळलं. तासाभरात आणखी तीन मिळाल्या. एक बोटाएवढी होती, ती त्याने स्वतःहून परत सोडली.

तेवढ्यात एक गाडी येऊन थांबली. आई-वडील, दोन लहान मुली, बाहेरगावची मंडळी. मुली धावत पाण्याशी गेल्या, लाट अंगावर आल्यावर किंचाळत मागे आल्या. मग वडिलांनी इकडेतिकडे बघितलं आणि बोट दाखवलं, "चला, तिकडे जाऊ, तिकडे लाटा नाहीत."

त्यांनी नेमका आमच्या शेजारचा तो गडद पट्टा दाखवला होता.

दादा गरीला आमिष लावत होता, त्याचं लक्ष नव्हतं. मीच उठले. धावलेच म्हणा ना. त्या गृहस्थांना आधी वाटलं, आम्हाला मासे पकडायचे आहेत म्हणून मी त्यांना हटवते आहे. "किनारा काय तुमच्या मालकीचा आहे का?" असंही म्हणाले. मी वाळूत बसून बोटाने उंचवटा काढला, चर काढला, फेस उलटा कुठे जातोय ते दाखवलं. तोवर लेक आला आणि त्याने हातातली नारळाची कवटी पाण्यात टाकली. ती आधी थोडी आडवी सरकली, मग कुणी दोरीने ओढल्यासारखी सरळ समुद्राकडे निघाली. बघता बघता लांब गेली.

मुलींच्या आईने दोघींचे हात धरले आणि त्या चौघांनी शंभर पावलं पलीकडे, लाटा फुटत होत्या तिथे, पाय भिजवले.

मीही साडी वर खोचून लेकाच्या शेजारी पाण्यात उभी राहिले. गुडघ्यापर्यंत, दादाच्या नियमात बसेल इतकीच.

रात्री वहिनीने तीन मुडदुश्या तव्यावर टाकल्या. सात माणसांत तीन मासे कसे वाटायचे, यावर बरीच चर्चा झाली. रॉड यंदा इंदूरला परत नेलाच नाही. तो अण्णांच्या खोलीत दाराच्या मागे उभा आहे, आणि लेकाने पुढच्या दिवाळीपर्यंतच्या सगळ्या अमावास्यांवर कॅलेंडरात लाल खुणा करून ठेवल्या आहेत.